वसाहतीत लोक पालटले की दिवस? मराठवाड्यातल्या शहरी वस्तीचा बदल मोजण्याची रीत

‘आमच्या नगराचा कायापालट झाला’ या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक तर तिथं राहणाऱ्यांचे दिवस पालटले, किंवा तिथले लोक निघून गेले आणि त्यांच्या जागी बऱ्या कमाईचे लोक आले. सरासरी उत्पन्नाचा आकडा दोन्ही वेळा वरच चढतो. म्हणून ‘उत्पन्न किती वाढलं’ यापेक्षा ‘कोणाचं वाढलं’ हा प्रश्न मोठा. खालची सगळी रीत त्या प्रश्नाभोवती आहे. चार-पाच जणांचा गट, एक साधी एक्सेल शीट आणि तीन ते चार महिने हाताशी असले की एका वसाहतीचं काम नीट होतं.

आधी हद्द आखा, आणि मग ती हलवू नका

८०० ते १,५०० कुटुंबांची वस्ती घ्या. त्याहून लहान घेतली तर आकडे डळमळतात, मोठी घेतली तर दारोदार फिरणं रेंगाळतं. हद्द दिसणाऱ्या गोष्टींनी ठरवा: नाला, मुख्य रस्ता, रेल्वेलाइन, शाळेची भिंत. गुंठेवारीत (शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यानं विकलेले, मंजुरी नसलेले प्लॉट) जमिनीचा गट नंबरही कामाला येतो, कारण ‘गल्ली नंबर ५’ दोन शेजारच्या नगरांत दोन असू शकतात. हद्द कागदावर काढा, चारी कोपऱ्यांचे फोटो ठेवा.

वॉर्डाची हद्द हीच वसाहतीची हद्द मानू नका. छत्रपती संभाजीनगर महापालिकेची २०१५ ची निवडणूक एकसदस्यीय वॉर्डांवर झाली आणि २०२६ ची बहुसदस्यीय प्रभागांवर. वॉर्डाचं नाव तेच राहतं, पण आतली वस्ती बदलते, आणि मग जो फरक दिसतो तो लोकांचा नसून रेघांचा असतो. जनगणनेचा सर्वांत लहान तुकडा म्हणजे प्रगणन गट, साधारण सव्वाशे-दीडशे कुटुंबांचा. २०११ च्या वॉर्डाचा नकाशा महापालिकेकडून मिळवून आपल्या हद्दीवर ठेवा आणि किती भाग जुळतो ते लिहून ठेवा. निम्म्याहून कमी जुळत असेल तर जनगणनेचा आकडा संदर्भापुरताच घ्या, तुलनेला नको.

वाळूजच्या बाजूची वस्ती असेल तर रांजणगाव शेणपुंजीसारख्या ठिकाणी महापालिका नाही, ग्रामपंचायत आहे. तिथं घरांची माहिती नमुना ८ मध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत सापडते. शहरासारखी दिसणारी वस्ती कागदावर गाव असल्यानं अशा ठिकाणी अर्धी माहिती चुकीच्या कार्यालयात शोधली जाते.

कोणती वर्षं घ्यायची

दोन जुने टप्पे आणि आजचा एक, एवढे पुरे. वर्षं उगाच पाच-दहाच्या हिशेबानं न निवडता त्या वसाहतीला हलवणाऱ्या घटनांच्या आधी-नंतर ठेवा. औरंगाबादेत १९७२ मध्ये सिडकोकडे (राज्य सरकारचं शहर-नियोजन महामंडळ) नियोजन आलं, १९८२ मध्ये महापालिका झाली, १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप लातूर-धाराशिवच्या माणसाला नीट आठवतो. गुंठेवारीचा कायदा २००१ चा. त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करण्याची वाट उघडली. गुंठेवारी वस्तीत २०२१ नंतरचे भाव आणि आधीचे भाव यांत यामुळेच मोठी दरी पडू शकते.

शहराचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय वसाहतीच्या वाढीला अर्थ नाही. औरंगाबाद महापालिका क्षेत्राची लोकसंख्या २००१ मध्ये ८,७३,३११ होती, २०११ मध्ये ११,७५,११६ झाली. वाढ सुमारे ३५ टक्के. तुमचा वॉर्ड त्या दहा वर्षांत २० टक्क्यांनी वाढला असेल, तर माणसं वाढली खरी, पण शहरातला त्याचा वाटा घटला.

जनगणनेचे आकडे: काय घ्यायचं, कुठं फसायला होतं

जिल्हा जनगणना पुस्तिकेच्या ‘ब’ भागात शहरांचे वॉर्डनिहाय आकडे आहेत: कुटुंबं, स्त्री-पुरुष, ०–६ वयाची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, कामकरी. पुस्तिका जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. उत्पन्न मात्र जनगणनेत विचारलेलंच नाही. धर्म आणि मातृभाषा वॉर्डपातळीवर प्रसिद्ध होत नाहीत, त्यामुळे वॉर्डनिहाय धर्माचे आकडे कोणी दाखवले तर ते कुठून आणले हे आधी विचारा.

जुनी-नवी जनगणना जोडताना तीन ठिकाणी हमखास चूक होते.

पहिली मराठवाड्यात सर्वांत महत्त्वाची. १९९० पर्यंत, धर्म बौद्ध लिहिणारी व्यक्ती अनुसूचित जातीत मोजली जात नव्हती. १९९० मध्ये कायदा बदलला आणि १९९१ च्या जनगणनेत बौद्धांची गणना अनुसूचित जातीत सुरू झाली. त्यामुळे १९८१ ते १९९१ मध्ये कित्येक वॉर्डांत अनुसूचित जातींचा टक्का एकदम चढलेला दिसतो. तो पाहून ‘या दहा वर्षांत इतके लोक बाहेरून आले’ असं लिहिणं साफ चूक आहे. माणसं तीच होती, रकाना बदलला. या मुद्द्यासाठी १९९१ पासूनच तुलना सुरू करा.

दुसरी साक्षरतेची. १९९१ पासून साक्षरतेचं प्रमाण ७ वर्षं आणि पुढच्यांवर काढतात, त्याआधी हा हिशेब वेगळा होता. १९८१ चा टक्का थेट शेजारी ठेवू नका.

तिसरी व्यवसायांची. १९९१ मध्ये मुख्य कामकऱ्यांचे नऊ गट होते: कारखानदारी, बांधकाम, व्यापार, वाहतूक वगैरे वेगळे. २००१ पासून चारच उरले: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि ‘इतर’. शहरात जवळजवळ सगळे ‘इतर’मध्ये पडतात. म्हणून १९९१ चा वॉर्डाचा व्यवसाय-तक्ता जपून ठेवा. त्यानंतरचं चित्र तुम्हाला दारोदार फिरूनच मिळेल.

२०११ च्या जनगणनेची घरयादी मात्र सोनं आहे. तीत वॉर्डनिहाय घर स्वतःचं की भाड्याचं, किती खोल्या, स्वयंपाकघर वेगळं का, संडास घरात का, सायकल, दुचाकी, चारचाकी, टीव्ही, संगणक, बँक खातं हे सगळं आहे. तेच प्रश्न त्याच शब्दांत आज विचारले की सरळ तुलना होते. यातले टीव्ही, मोबाइल, गॅस आता फरक दाखवत नाहीत, कारण ते जवळपास सगळ्यांकडे आहेत. फरक दिसतो तो खोल्यांची संख्या, चारचाकी, संगणक आणि भाडेकरूंचं प्रमाण यांत. आजच्या स्थितीसाठी कूलर, वॉशिंग मशीन आणि एसी हे तीन प्रश्न आपले घाला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कूलरवरून एसीवर गेलेलं घर चटकन ओळखू येतं.

कार्यालयांतली दफ्तरं

माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र ‘अ’मध्ये, १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, हे न पाळल्यानं अर्ज परत येतात. ‘वसाहतीची सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका. लिहायचं ते असं: ‘अमुक गट नंबरमधील निवासी व व्यावसायिक मालमत्तांची संख्या, २००५, २०१५ व २०२५ या तीन वर्षांची, नावांशिवाय.’ ३० दिवसांत उत्तर न आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. नावं मागू नका. नावांमुळे अर्ज अडतो आणि तुम्हाला ती लागतही नाहीत.

मालमत्ता कर विभागाकडून निवासी-व्यावसायिक विभागणी घ्या. घरांच्या पुढच्या खोल्यांचं दुकानात रूपांतर होणं हे वस्ती बदलत असल्याचं लवकर दिसणारं लक्षण. महावितरणच्या शाखेकडून घरगुती जोडण्यांची संख्या आणि ०–१००, १०१–३००, ३०१–५०० व त्यावरील युनिटांत किती ग्राहक, हे मे महिन्याचं आणि डिसेंबर महिन्याचं वेगळं मागा. मे-डिसेंबरमधला फरक एसी-कूलरचा असतो, आणि अनेक वर्षांचे आकडे ओळीनं लावले की उत्पन्नाचा चढ त्यात उमटतो.

शाळांचा पट यू-डायसवर (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद) शाळानिहाय मिळतो. महापालिकेची शाळा, अनुदानित खासगी आणि स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळा असे तीन गट करा. पहिली आणि आठवीचा पट वेगळा पाहा: पहिलीचा घटत असेल आणि आठवीचा टिकून असेल, तर तरुण कुटुंबं येणं थांबलं आहे किंवा लहान मुलांना दुसऱ्या शाळेत घातलं जातंय. दोन्हीतलं कोणतं, हे ०–६ च्या मुलांची संख्या पाहून ठरतं.

शिधापत्रिकेच्या रंगावरून उत्पन्न ठरवू नका. १९९९ च्या तिरंगी योजनेत पिवळ्यासाठी वार्षिक १५,००० आणि केशरीसाठी १ लाख ही मर्यादा होती. अन्नसुरक्षेसाठी शहरात ५९,००० धरतात. दिवसाला चारशे रुपये कमावणाराही महिन्यात २५ दिवस काम मिळालं तर वर्षाला १,२०,००० वर जातो. म्हणजे कार्ड आजची कमाई सांगत नाही, ते कधी काढलं हे सांगतं. तहसीलच्या उत्पन्न दाखल्याचंही तेच.

जमिनीच्या भावासाठी नोंदणी विभागाचे वार्षिक मूल्यदर तक्ते (रेडी रेकनर) घ्या, पण ते सरकारी दर आहेत. २०२३–२४ आणि २०२४–२५ मध्ये ते वाढवलेच नाहीत, म्हणून त्या दोन वर्षांत भाव थांबले असं होत नाही. सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यात, प्रत्यक्ष व्यवहाराचा मोबदला दिसतो. गुंठेवारीत मात्र वर्षानुवर्षं व्यवहार शंभराच्या बाँडवर झाले, ते तिथं सापडणारच नाहीत. अशा वस्तीत भाड्याचा भाव हा जास्त भरवशाचा धागा: एक खोली, संडास सामाईक की वेगळा, पाणी धरून की वेगळं, डिपॉझिट किती. अशा १५-२० खोल्यांचं भाडं तीन टप्प्यांवर विचारून घ्या.

दारोदार

आधी सगळ्या घरांची यादी. २० बाय ३० चा प्लॉट हे गुंठेवारीतलं नेहमीचं माप, आणि चूक इथंच होते. खाली मालक, जिन्याखालच्या दारातून मागच्या खोलीत एक भाडेकरू, वर दोन खोल्यांत दोन कुटुंबं, गच्चीवर पत्र्याच्या खोलीत कंपनीतली चार पोरं. गल्लीतून पाहिलं तर एक घर, आत पाच चुली. चूल वेगळी तर कुटुंब वेगळं, हाच जनगणनेचा निकष. वीजमीटर मोजून भागत नाही, कारण वरच्यांना बहुधा सबमीटर असतो. भिंतीवरचे मीटर, बाहेरचे पाण्याचे ड्रम आणि जिन्यांची दारं, तिन्ही पाहा आणि मग विचारा.

यादी १,२०० कुटुंबांची झाली तर दर सहावं घर घ्या, म्हणजे २०० होतील. पहिलं घर १ ते ६ मध्ये चिठ्ठी टाकून काढा. कुलूप असेल तर दोनदा परत जा, एकदा तरी रविवारी किंवा रात्री आठनंतर. ‘शेजारचं घेऊन टाकू’ म्हणून सुटका करून घेतली की दोघंही कामाला जाणारी कुटुंबं यादीतून गळतात आणि वस्ती आहे त्याहून म्हातारी दिसते. २०० घरांवर टक्केवारीत सुमारे ७ इकडे-तिकडे होऊ शकतात. दोन काळांतल्या अशा पाहण्यांमध्ये १० टक्क्यांहून कमी फरक निघाला तर तो बदल मानू नका.

वेळ निवडताना मराठवाड्याचं पंचांग पाळा. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं दिवाळीनंतर मार्च-एप्रिलपर्यंत नसतात. बीड-जालन्याच्या वस्त्यांत तर गल्लीच्या गल्ली बंद दिसते. पेरणीच्या दिवसांत अनेक जण गावी असतात. लातूरच्या ट्यूशन एरियात मे-जूनमध्ये खोल्या रिकाम्या होतात आणि भरतात. रमजानात दुपारी मोहल्ल्यात जाऊ नका. ऑगस्ट किंवा सप्टेंबर बरा.

दारात पहिली गोष्ट स्पष्ट सांगा: ‘ताई, हे सरकारी काम नाही. यानं रेशन किंवा लाडकी बहीण बंद होणार नाही, आणि नाव आम्ही लिहीत नाही.’ लाडकी बहीणची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे, त्यामुळे उत्पन्नाचा प्रश्न आला की लोक सावध होतात. मिळणारे १,५०० रुपये मात्र उत्पन्नात धरायचेच. मोहल्ल्यात आपा, भाईजान म्हणून, दख्खनी बोलणारा कोणी बरोबर घेऊन जा. भाषा अडली की उत्तरं ‘हो-नाही’वर येतात.

‘घरचं उत्पन्न किती?’ हा प्रश्न कामाचा नाही. कमावणारा एकेक माणूस धरून विचारा: काम कोणतं, कायम की ठेकेदाराकडं, महिन्याला की दिवसावर, मागच्या महिन्यात हातात किती पडले, ओव्हरटाइम किती, गेल्या वर्षभरात किती महिने काम नव्हतं. पगार सांगायला संकोच वाटला तर ‘ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड आहे का?’ विचारा. ईएसआयची वेतनमर्यादा महिना २१,००० आहे, म्हणजे निदान एक पट्टा कळतो. मग भाडं, पेन्शन, पुण्याहून मुलगा पाठवतो ते, आणि गावाकडून येणारी ज्वारी-तूर. धान्य पोत्यात विचारा आणि बाजारभावानं रुपयांत मांडा. ते सोडलं तर गावाशी नातं टिकलेली कुटुंबं खरी असतात त्याहून गरीब दिसतात.

मागच्या काळाचं उत्पन्न लोकांना आठवत नाही, कामधंदा आठवतो. ‘२०१२ साली’ म्हणू नका. ‘लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा’ म्हटलं की २०१६ लगेच आठवतं. ‘करोनाच्या आधी’ म्हटलं की २०१९. तेव्हा कुठं, कोणतं काम, किती कमावणारे, कोणती गाडी, हे लिहा.

जुने रुपये आजचे करा

औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक घ्या. तो महागाई मोजतो, आणि ‘पाया’ म्हणजे ज्या वर्षाची किंमतपातळी १०० धरली ते वर्ष. जानेवारी २०१२ ला तो १९८ होता (पाया २००१), जानेवारी २०२४ ला १३८.९ (पाया २०१६). पाया बदललेला असल्यानं हे आकडे थेट भागायचे नाहीत, आधी २.८८ या जोडणी-गुणकानं गुणायचं. १३८.९ × २.८८ = ४००, आणि ४०० ÷ १९८ = २.०२. म्हणजे २०१२ चे ८,००० रुपये २०२४ चे सुमारे १६,१६०. त्याच माणसाचा पगार २०२४ मध्ये १५,००० असेल तर आकडा जवळपास दुप्पट दिसतो, पण पदरात कमी पडतं.

सरासरीऐवजी मध्यक वापरा: २०० कुटुंबं उत्पन्नानं चढत्या क्रमानं लावा, १०० व्या आणि १०१ व्या कुटुंबाच्या मधला आकडा घ्या. दोन बिल्डर नि एक डॉक्टर राहायला आले की सरासरी उडी मारते, मध्यक मात्र जागचा हलत नाही. सरासरी फक्त पुढच्या एका हिशेबासाठी लागते.

राहिलेले, आलेले, गेलेले

आता मुख्य काम. आजच्या प्रत्येक कुटुंबाला ‘इथं कोणत्या साली आलात, कुठून’ विचारलेलं असतंच, त्यावरून राहिलेले आणि आलेले वेगळे होतात. गेलेल्यांचा माग तीन ठिकाणी लागतो. एक, जुन्या आणि नव्या मतदार यादीचा तोच भाग समोरासमोर ठेवून. घर क्रमांकाच्या रकान्यात बऱ्याचदा शून्य असतो, म्हणून पूर्ण नाव आणि वडील-पतीच्या नावावरून जुळवा. लग्न होऊन गेलेल्या मुली आणि वारलेले लोक ‘सोडून गेलेले’ म्हणून मोजू नका. अख्खं कुटुंब गायब असेल तरच. आडनावावरून जात काढायचा मोह इथंच होतो, तो टाळा. दोन, शाळेला ‘मागच्या वर्षी किती दाखले गेले, कोणत्या गावच्या शाळांत’ एवढंच विचारा. तीन, जुना किराणा दुकानदार आणि शेजारी. कोण कुठं गेलं, भाडं परवडेना म्हणून की स्वतःचा प्लॉट घेतला म्हणून, हे त्यांना ठाऊक असतं.

गेलेल्यांचं उत्पन्न विचारता येत नाही. त्यांचा तेव्हाचा कामधंदा शेजाऱ्यांकडून घ्या आणि त्याच धंद्यातल्या राहिलेल्यांची तेव्हाची कमाई त्यांना लावा. हा अंदाज आहे, अहवालात तसं लिहा.

हिशेब असा (आकडे फक्त समजण्यासाठी, सगळे आजच्या रुपयांत). १०० कुटुंबांपैकी ६० राहिली, ४० गेली, ४० आली. राहिलेल्यांची महिन्याची सरासरी २२,००० होती, २३,००० झाली. गेलेल्यांची १७,००० होती. आलेल्यांची ३८,००० आहे. वसाहतीची सरासरी २०,००० वरून २९,००० वर गेली, वाढ ९,००० ची, म्हणजे ४५ टक्के. त्यात राहिलेल्यांचा वाटा ०.६ × १,००० = ६००. लोक बदलल्याचा वाटा ०.४ × (३८,००० − १७,०००) = ८,४००. फलकावर ४५ टक्के प्रगती, आणि जुन्या रहिवाशाच्या घरात महिन्याला हजार रुपये.

उलटंही घडतं. सिडकोच्या जुन्या एन-विभागांत (एन-१, एन-२ अशा नावांच्या वसाहतींत) मुलं पुण्याला, आई-वडील पेन्शनवर. तिथं उत्पन्न घसरलेलं दिसेल, पण कोणी गरीब झालेलं नसतं, कुटुंब लहान आणि वयस्क झालेलं असतं. म्हणून प्रत्येक तक्ता माणशी उत्पन्नानंही काढा आणि ६० वर्षांवरच्यांचा टक्का शेजारी ठेवा. एका प्लॉटवर मजले चढून कुटुंबांची संख्याच वाढली असेल, तर ‘आलेल्यां’चे दोन भाग करा: गेलेल्यांच्या जागी आलेले, आणि नव्या खोल्यांत आलेले. दुसऱ्यांनी कोणाला हुसकावलेलं नसतं, आणि हा फरक न केल्यास भाडेकरूंवर नाहक ठपका बसतो.

छापण्याआधी

तक्त्याच्या ज्या चौकटीत पाच कुटुंबांहून कमी आहेत ती चौकट शेजारच्यात मिसळा. ‘गल्ली ३ मधली एकट्या बाईची दोन घरं’ असं छापलं की सगळ्या गल्लीला कळतं कोण ते. तक्ते वसाहतीत वाचून दाखवा, तेही छापण्याआधी. चुका तिथंच सापडतात, आणि ज्यांनी माहिती दिली त्यांचा तो हक्कच आहे.

घरांची मूळ यादी, हद्दीचा नकाशा, प्रश्नावलीचे नेमके शब्द आणि वापरलेला निर्देशांक एका फाइलमध्ये ठेवा, दोन प्रती दोन घरांत. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे आणि तीत जातीचीही नोंद होणार आहे. ते वॉर्डनिहाय आकडे येतील तेव्हा तुमच्या हद्दीशी जुळवण्यासाठी हीच फाइल लागेल.